फ्लिंडर्सला गाडी घेऊन जाताय? मग थोडं ऐका

एप्रिलची शाळेची सुट्टी जवळ आली की ॲडलेडच्या आपल्या मंडळींपैकी कोणाचा तरी फोन येतोच, "अगं फ्लिंडर्स रेंजेसला जायचंय, शनिवार-रविवारात होईल ना?" म्हणजे ॲडलेडच्या उत्तरेकडची डोंगररांग. होईल की. तिथलं मुख्य ठिकाण म्हणजे विल्पीना, त्याच्या पाटीसमोर फोटो काढून परत यायचं असेल तर आरामात होईल. पण खरंच बघायचं असेल तर किमान चार रात्री काढा, पाच मिळाल्या तर उत्तम. ॲडलेड ते विल्पीना जवळजवळ साडेचारशे किलोमीटर आहे, नकाशात पाच तास दिसतात, प्रत्यक्षात चहा, पोरांची सू आणि "थांब थांब, इमू!" धरून सात कधी होतात कळत नाही. मी तीनदा जाऊन आलेय, एकदा मुलं लहान असताना, एकदा आम्ही दोघंच, आणि एकदा आई म्हसवडहून आली होती तेव्हा तिला घेऊन, आणि तिन्ही वेळा वेगवेगळ्या चुका केल्यात, त्यामुळे सांगायचा थोडा हक्क आहे असं समजते.

सगळ्यात महत्त्वाचं आधीच सांगते कारण बाकी सगळं प्लॅनिंग त्यावरच बसतं. इथे दिवसाचा हिशोब किलोमीटरवर करायचा नाही, उजेडावर करायचा. जून-जुलैत सव्वापाचच्या आसपास सूर्य मावळतो आणि त्याच्या तासभर आधीपासून कांगारू रस्त्याच्या कडेला गवत खायला यायला लागतात. ते दिव्यांकडे बघत उभे राहतात आणि अगदी शेवटच्या सेकंदाला चुकीच्या बाजूला उडी मारतात. म्हणून साडेचारला गाडी मुक्कामावर उभी पाहिजे म्हणजे पाहिजे. सकाळीही नीट उजाडल्याशिवाय निघू नका. समोर आलाच तर सरळ रेषेत ब्रेक मारा, स्टिअरिंग फिरवू नका, कारण माणसं कांगारूमुळे कमी आणि त्याला चुकवताना झाडावर जाऊन जास्त मरतात. भाड्याची गाडी असेल तर करार नीट वाचा, बऱ्याच करारात गावाबाहेर अंधारात चालवली तर विमा चालणार नाही असं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं.

कधी जायचं? एप्रिल ते ऑक्टोबर. उन्हाळ्यात, म्हणजे डिसेंबर-फेब्रुवारीत, तिकडे ४० च्या वर पारा जातो, शिवाय माश्या. आपला मे महिना काढलाय म्हणून शौर्य दाखवू नका, ते ऊन वेगळं आहे. हिवाळ्यात दिवस मस्त असतात पण रात्री शून्याच्या जवळ जातात, तंबूत राहणार असाल तर जाड रजया घ्या. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये पाऊस बरा झालेला असेल तर रानफुलं येतात. जांभळे गालिचे दिसतील ते मात्र सॅल्व्हेशन जेन नावाचं तण आहे, फोटो काढा पण शेतकऱ्यासमोर फार कौतुक करू नका.

गाडी, पेट्रोल, फोन

फोर व्हील ड्राइव्हच पाहिजे असं काही नाही. ॲडलेड ते हॉकर, हॉकर ते विल्पीना, विल्पीना ते ब्लिनमन, आणि हॉकरहून परचिल्नाकडे जाणारा हायवे, हे सगळं डांबरी आहे, साध्या हॅचबॅकने आईवडिलांना फिरवून आणता येईल. पण घाटातले आणि नदीच्या पात्रातले जे खरे मजेचे रस्ते आहेत ते कच्चे, आणि भाड्याच्या साध्या गाडीला कच्च्या रस्त्यावर बहुतेक परवानगी नसते. म्हणून ते रस्ते करायचे असतील तर उंच गाडी घ्या आणि बुक करतानाच कच्च्या रस्त्याचं विचारून घ्या.

स्टेपनी बघा. म्हणजे खरंच डिकी उघडून, मॅट उचलून बघा. हल्ली बऱ्याच गाड्यांना पूर्ण आकाराचं चाक नसतंच, बारीक सायकलसारखं चाक असतं किंवा नुसती फेसाची बाटली. आमच्याकडे ते बारीकवालं होतं आणि विल्पीनाजवळच्या बन्यरू व्हॅलीत एका टोकदार दगडाने टायरची बाजू अशी फाडली की पंक्चर काढायचा प्रश्नच नव्हता. त्या बारीक चाकावर ताशी चाळीसने हॉकरपर्यंत आलो, टायर दुसऱ्या दिवशी दुपारी मिळाला, तोपर्यंत हॉकरमधला प्रत्येक बाक आमच्या ओळखीचा झाला होता. तेव्हापासून पूर्ण चाक, जॅक, जॅकखाली ठेवायला लाकडाचा तुकडा आणि हवा भरायचा छोटा पंप असल्याशिवाय मी निघत नाही. कच्च्या रस्त्यावर उतरलात की हवा थोडी कमी करायची, आमच्या गाडीला २८ पीएसआयच्या आसपास ठेवतो, आणि वेग ६०-७० च्या वर न्यायचा नाही. डांबरीवर आलात की हवा परत भरायची, हे विसरू नका.

पेट्रोलचा नियम सोपा आहे: अर्धी टाकी म्हणजे रिकामी टाकी. क्वॉर्नला भरा, हॉकरला परत भरा. विल्पीनालाही मिळतं पण महाग. पाणी माणशी दिवसाला निदान पाच लिटर, आणि हे गाडीत कायम, फिरायला न्यायच्या बाटल्या वेगळ्या. गाडी बंद पडली तर गाडी सोडून चालत जायचं नाही, सावलीत गाडीजवळच बसायचं, कारण शोधणाऱ्यांना माणसापेक्षा गाडी आधी दिसते.

फोनचं म्हणाल तर टेल्स्ट्रा कंपनीचं नेटवर्क गावागावात मिळतं, बाकीच्यांची रेंज गावाबाहेर गेलं की संपते. आणि टेल्स्ट्राच्याच नेटवर्कवर चालणारी जी स्वस्तातली सिम असतात त्यांतल्या बहुतेकांचं कव्हरेज मूळ कंपनीपेक्षा कमी असतं, हे मला डोंगरात उभं राहून कळलं. नकाशे ऑफलाइन उतरवून घ्या, घरी कोणाला तरी रोजचा मुक्काम सांगून ठेवा. लांबच्या कच्च्या रस्त्यांना जाणार असाल तर पीएलबी भाड्याने मिळतो तो घ्या, बटण दाबलं की उपग्रहावरून मदतीचा संदेश जातो.

जाताना गावं सोडू नका

बहुतेक जण हायवेने पोर्ट ऑगस्टापर्यंत सुसाट जातात आणि मग उजवीकडे वळतात. रस्ता चांगला आहे पण कंटाळवाणा, आणि पस्तीस मीटरपेक्षा लांब रोड ट्रेन्स, म्हणजे एकामागे एक ट्रेलर जोडलेले ट्रक, असतात त्यांना ओव्हरटेक करताना जीव वर येतो. त्यापेक्षा क्लेअर, लॉरा, मेलरोज, विल्मिंग्टन, क्वॉर्न असं आतून जा. तासभर जास्त लागेल. मोठी किराणा खरेदी क्लेअरलाच उरका, पुढे गावातल्या दुकानात मिळेल पण कोथिंबीर आणि दही यांची अपेक्षा ठेवू नका.

लॉराला गोल्डन नॉर्थ आइस्क्रीमचं गाव म्हणून थांबायचं. मेलरोज हे फ्लिंडर्समधलं सगळ्यात जुनं गाव, माउंट रिमार्केबलच्या अगदी कुशीत बसलंय, सायकलवाल्यांची पंढरीच आहे. पहिला मुक्काम इथे किंवा क्वॉर्नला करा म्हणजे पहिल्याच दिवशी उजेडाशी शर्यत लागत नाही.

क्वॉर्न बघून मला नेहमी वाटतं हे गाव स्वतःपेक्षा मोठ्या स्टेशनला जोडून दिलंय. रुंद रस्ते, समोरासमोर जुनी दगडी हॉटेलं, आणि माणूस एखादाच. एकेकाळी देशाच्या पूर्व-पश्चिम आणि उत्तर-दक्षिण जाणाऱ्या गाड्या इथे भेटायच्या, ॲलिस स्प्रिंग्सला जाणारी जुनी घान रेल्वे इथूनच जायची. १९५६ मध्ये नवीन रुंद मार्ग दुसरीकडून गेला आणि क्वॉर्न बाजूला पडलं. आता पिची रिची रेल्वे म्हणून तीच जुनी लाइन स्वयंसेवक चालवतात, वाफेच्या इंजिनाने. साधारण मार्च ते नोव्हेंबर चालते आणि रोज नसते, त्यामुळे आधी तारीख बघा, तिकीट काढा, आणि मग बाकीच्या ट्रिपच्या तारखा ठरवा, उलटं करू नका. पोरांना आवडतेच, पण आमच्या ट्रिपमध्ये सगळ्यात जास्त खिडकीबाहेर डोकं काढून बसली होती ती आई.

क्वॉर्न ते हॉकर ६५ किलोमीटर, पण मध्ये कन्याका नावाचे दगडी वाड्याचे अवशेष आहेत तिथे उतरा. १८५० च्या दशकात इथे मोठं मेंढपाळीचं ठाणं होतं, सत्तरेक कुटुंबं राहायची म्हणतात, आता भिंती आणि धुराडी उरलीत. ज्याने ते सुरू केलं तो ह्यू प्रोबी नावाचा तरुण माणूस १८५२ मध्ये वाटेतल्या विलोक्रा ओढ्याला अचानक आलेल्या पुरात वाहून गेला. कोरड्या ओढ्यात. तो ओढा तुम्ही गाडीने ओलांडाल तेव्हा वाळूशिवाय काही दिसणार नाही, म्हणून सांगते, पात्रात तंबू ठोकायचा नाही आणि रस्त्यावरून पाणी वाहत असेल तर "थोडंच तर आहे" म्हणून गाडी घालायची नाही. थांबायचं, चहा करायचा, उतरायची वाट बघायची.

या सगळ्या पट्ट्यात पडकी घरं इतकी का, तर त्याला गॉयडर नावाच्या सर्वेअरची गोष्ट आहे. १८६५ च्या दुष्काळानंतर त्याने नकाशावर रेघ मारून सांगितलं की हिच्या उत्तरेला पावसाचा भरवसा नाही, शेती करू नका. मग काही वर्षं पाऊस चांगला झाला, लोक म्हणाले नांगर जिथे जातो तिथे पाऊस येतो, आणि रेघ ओलांडून गहू पेरत पार वर गेले. १८८० च्या दशकात दुष्काळ आला आणि सगळं सोडून खाली आले. मी हे आईला गाडीत सांगत होते, ती पडक्या चुलीकडे बघत म्हणाली, "एवढं सांगायला सर्वेअर कशाला पाहिजे, माणदेशातली कोणतीही म्हातारी सांगेल." मागे बसलेला नवरा इतका हसला की मला गाडी बाजूला घ्यावी लागली.

विल्पीना आणि आसपास

हॉकरहून विल्पीना ५५ किलोमीटर. वाटेत अर्कारू रॉक आहे, तासा-दीड तासाची चाल, वर खडकाच्या कपारीत अद्न्यामथन्हा लोकांची जुनी चित्रं आहेत. ही जमीन त्यांची, आणि विल्पीना पाउंडला ते इकारा म्हणतात, म्हणजे एकत्र जमण्याची जागा. त्यांच्या कथेत दोन प्रचंड अकुरा सर्पांची शरीरं म्हणजे या डोंगराच्या भिंती. बाहेरून बघितलं तर चारी बाजूंनी कडा आणि मध्ये बशीसारखं मैदान, आत जायला ओढ्याची एक अरुंद खिंड, म्हणून गोऱ्यांनी जनावरं कोंडायला वापरलं आणि नाव दिलं पाउंड. आईचं भाषांतर तयार होतं, "मग कोंडवाडाच की!" लोकांना वाटतं हा ज्वालामुखीचा किंवा उल्केचा खड्डा आहे, तसं नाही, वळ्या पडून वर आलेले आणि नंतर झिजलेले खडकांचे थर आहेत.

पार्कची एंट्री ऑनलाइन आधीच भरून ठेवा, तिथे पोचून रेंज शोधत बसू नका. चालायला कोणती वाट घ्यायची तर वयस्कर माणसं किंवा मुलं असतील तर वांगारा लुकआउट, जाऊन-येऊन आठेक किलोमीटर, बरीचशी सपाट, ओढ्याकाठच्या रेड गम नावाच्या निलगिरीच्या झाडांच्या सावलीतून, शेवटी थोडा चढ. वाटेत हिल कुटुंबाचं जुनं घर आहे. गुडघे शाबूत असतील तर माउंट ओल्सन बॅग, अंतर कमी पण उभा चढ आणि दगड, आपल्या राजगड-तोरण्याला जाणाऱ्यांना घरी आल्यासारखं वाटेल. सेंट मेरी पीक हे सगळ्यात उंच, ११७१ मीटर, पण शिखरावर जाऊ नये अशी अद्न्यामथन्हा लोकांची विनंती आहे, टँडेरा सॅडल नावाच्या खिंडीपर्यंत जा आणि तिथून फिरा. सक्ती नाहीये, विनंती आहे. आपण देवळाच्या गाभाऱ्यात चप्पल घालून जातो का, तेवढंच.

आता कच्चे रस्ते. बन्यरू व्हॅली आणि ब्रॅकिना गॉर्ज, हे नसतील केले तर फ्लिंडर्स अर्धंच बघितलं. आधी सरकारी वेबसाइटवर रस्ता उघडा आहे का बघा, पावसानंतर बंद करतात आणि बंद रस्त्यावर गाडी घातली तर मोठा दंड आहे. रेझरबॅक लुकआउटवरून खाली जाणारा वळणावळणाचा रस्ता आणि मागे निळे डोंगर, सगळीकडे दिसतो तो फोटो इथलाच. भर दुपारी जाऊ नका, सगळं चपटं दिसतं, सकाळी लवकर किंवा उतरत्या उन्हात जा. म्हणजे दुपार कलताना, हं, साडेचारचा नियम लक्षात ठेवून.

ब्रॅकिना गॉर्ज ब्लिनमनच्या रस्त्याकडून शिरून पश्चिमेकडे करा, वीस किलोमीटर आहे, त्या दिशेने खडक जुन्यापासून नव्याकडे जातात आणि वाटेत पाट्या आहेत. घाईने केलं तर एक तास, मी अर्धा दिवस ठेवते. इथल्या एनोरामा ओढ्यात खडकात ठोकलेली एक कांस्याची चकती आहे. ६३.५ कोटी वर्षांपूर्वी सुरू झालेला एडियाकरन कालखंड इथून मोजायचा असं २००४ मध्ये जगभरच्या भूशास्त्रज्ञांनी ठरवलं. नाव पडलं जवळच्या एडियाकरा टेकड्यांवरून, तिथे रेज स्प्रिग नावाच्या भूशास्त्रज्ञाला १९४६ मध्ये मऊ शरीराच्या प्राण्यांचे ठसे सापडले होते, आणि सुरुवातीला त्याचं कोणी फार मनावर घेतलं नाही. ते ठसे प्रत्यक्ष बघायचे असतील तर निल्पीना एडियाकरा नॅशनल पार्क २०२३ पासून खुलं आहे, पण गाइडेड टूर बुक करूनच. मुलांना "डायनासोरपेक्षा खूप जुनं" एवढं सांगितलं की पुरतं.

गॉर्जच्या पश्चिम टोकाला खडकांवर बघत बसा, पिवळ्या पायांचे रॉक वॉलबी, म्हणजे छोटे कांगारूच जणू, दिसतात, शेपटीवर पट्टे असलेले. गाडीचं इंजिन बंद, दार आपटायचं नाही, पोरांच्या हातात बिस्किटं द्यायची आणि गप्प बसायचं. आमच्या ट्रिपमध्ये पंधरा मिनिटं काहीच नव्हतं आणि मग एकदम सहा दिसले, ते आधीपासून तिथेच होते, आम्हालाच दिसत नव्हते.

ब्लिनमन विल्पीनाच्या वर साठेक किलोमीटर, तांब्याचं जुनं गाव. रॉबर्ट ब्लिनमन नावाच्या मेंढपाळाला १८५९ मध्ये इथे तांबं सापडलं, त्याचा एक पाय लाकडी होता. जुन्या खाणीत उतरून टूर घेता येते, ती घ्याच. तिथून परचिल्ना गॉर्जमधून उतरून परचिल्नाला जायचा तीसेक किलोमीटरचा रस्ता कच्चा आहे आणि ओढ्याच्या पात्रातून परत परत जातो. परचिल्ना म्हणजे प्रेअरी हॉटेल आणि त्याच्या समोर क्षितिज. तिथे कांगारू, इमू असले पदार्थ मिळतात, खाणाऱ्यांनी खावं, न खाणाऱ्यांनी पायरीवर बसून सूर्यास्त बघावा. रात्र तिथेच काढणार असाल तर, बरं का.

अजून वर जायचा वेळ असेल तर बेल्टाना नावाच्या जुन्या गावाची एक गोष्ट सांगते. १८६६ च्या सुमारास कराचीहून शंभरावर उंट आणि एकतीस माणसं जहाजाने पोर्ट ऑगस्टाला आणून इथल्या ठाण्यावर ठेवली. आणि तेव्हा कराची मुंबई इलाख्यात होतं! म्हणजे आपल्याच इलाख्यातले लोक दीडशेहून जास्त वर्षांपूर्वी या धुळीत उंट हाकत होते. इथे सगळ्यांना सरसकट अफगाण म्हणायचे, त्यावरूनच त्या रेल्वेला घान नाव पडलं असं सांगतात.

खायचं काय

शाकाहारी असाल तर स्वतःचा डबा हाच खरा मित्र. गावातल्या पबमध्ये काउंटरवर जाऊन ऑर्डर द्यायची असते, किचन सहाला उघडतं आणि आठला बंद होतं, साडेआठला गेलात तर वेफर्स. व्हेज म्हणजे पिझ्झा किंवा बटाट्याचे चिप्स, फोन करून आधी सांगितलं तर काहीतरी करून देतात, फार चांगले असतात लोक. बेकऱ्या दुपारी दोन-तीनला बंद, रविवारी उघडी असेलच असं नाही. क्वान्डाँग नावाचं आंबट लाल रानफळ मिळतं ते भरून भाजलेला गोड पाय (पेस्ट्री) खाऊन बघा, आमच्याकडे सर्वानुमते करवंदाच्या जवळचं ठरलं. आम्ही दशम्या, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट आणि एक छोटा कुकर नेतो. मेलबर्नहून येणाऱ्यांनी फळं-भाज्या सीमेपलीकडून आणू नका, फळमाशीमुळे बंदी आहे, तपासणीत दंड होतो.

समोरून येणारा ड्रायव्हर स्टिअरिंगवरचं एक बोट उचलेल. तुम्हीही उचला. पहिल्या दिवशी नवरा म्हणाला, "ओळखीचे आहेत का?" तिसऱ्या दिवशी तोच आधी बोट उचलत होता.

कॅम्पिंग करणार असाल तर रेड गमच्या खाली तंबू नाही, कितीही सावली असू दे, या झाडाच्या मोठ्या फांद्या वारा नसतानाही मोडून पडतात. रात्री दिवे बंद करून दहा मिनिटं डोळ्यांना सवय होऊ द्या. जुलैमध्ये वृश्चिक अगदी डोक्यावर येतो, आपल्याकडे तो दक्षिणेला खाली दिसतो तसा नाही. आईला तिचा आख्खा विंचू नांगीसकट पहिल्यांदा सरळ वर बघायला मिळाला आणि ती थंडीत शाल घेऊन खुर्चीवर तशीच बसून राहिली, आम्ही झोपलो तरी.

परत येताना त्याच रस्त्याने येऊ नका. हॉकरहून क्रॅडॉक, कॅरिएटन करत ओरुरूला या, तिथे पाचशे वर्षांहून जुना म्हणतात तो रेड गम आहे, खोडाचा घेर दहा मीटरच्या वर, आम्ही पाच जण हात पसरून उभे राहिलो तरी पुरलो नाही. रेल्वेवाल्यांनी पुढे पीटरबरोला स्टीमटाउनला थांबावं, तीन वेगवेगळ्या रुंदीचे रूळ एकाच गावात यायचे ते बघायला. बाकीच्यांनी सरळ क्लेअर गाठावं. आणि गाडी भाड्याची असेल तर परत द्यायच्या आधी धुवा, दाराच्या रबरात आणि सीटखालीही. लाल धूळ कुठे कुठे जाते याची कल्पना नसते, आमच्या मेतकुटाच्या डब्याच्या झाकणाच्या आट्यांमध्ये अजून आहे.